उघडता येणारी गाडी

धुळ्याहून आग्रा रोडने शिरपूरकडे निघालं आणि सावळद्याजवळचा तापीचा पूल ओलांडला, की उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसू लागते. त्या रेघेच्या दिशेने आत वळणाऱ्या रस्त्यांवर आजही एखादी जुनी महिंद्रा जीप भेटतेच. जळगावच्या बाजूने चोपडा, यावल, रावेरकडे गेलं तरी तेच. केळीच्या बागेतून ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी घेऊन बाहेर पडणारी, पालच्या वाटेवरचा चढ दुसऱ्या गिअरवर नेटाने चढणारी, होळीच्या तोंडावर भोंगऱ्या बाजाराला पावरा-भिल्ल कुटुंबांना घेऊन येणारी. बॉनेट एका रंगाचं, मडगार्ड दुसऱ्या. हूड ताडपत्रीचं, मागची गादी कधीच गेलेली. तरी सकाळी चावी फिरवली की ती उभी राहते आणि कामाला लागते.

ही गाडी मजबूत होती म्हणून टिकली, असं सगळे सांगतात. मला ते पुरेसं वाटत नाही. मजबूत तर ती होतीच, पण ती बिघडायचीही पुष्कळ. क्रॉस वाजायचे, पाटे तुटायचे, गिअर बॉक्स गळायचा, रेडिएटर उकळायचा. ती टिकली, कारण ती कुठेही उघडता यायची. पान्यांचा एक जुडगा, एक जॅक आणि बसायला पोत्याचा तुकडा असला की लिंबाच्या सावलीत तिचं पोट खोलता यायचं. आणि जी वस्तू उघडता येते, ती आपल्याभोवती उघडणारी माणसंही तयार करते. बेताच्या पैशात एक जुनी जीप उभी करण्याच्या निमित्ताने मी गेला काही काळ धुळे आणि जळगावच्या गॅरेजांत, लेथच्या दुकानांत, पाटेवाल्यांच्या भट्ट्यांजवळ वावरलो. गाडीपेक्षाही मला जास्त कळलं ते हेच, की दुरुस्त होणं हा वस्तूचा गुण आहे आणि त्या गुणावर एका मुलखाचं सगळं कसब पोसलं जातं.

जीपचा हा गुण जन्मजात आहे. १९४० साली अमेरिकेच्या सैन्याने टेहळणीसाठी हलकी गाडी मागवली, तेव्हा नमुना हजर करायला ४९ दिवसांची मुदत होती. बॅन्टम नावाच्या छोट्या कंपनीने तो वेळेत हजर केला. पुढे विलिस आणि फोर्ड यांनी तशा गाड्या लाखांनी बनवल्या. इतक्या घाईत आणि इतक्या संख्येने बनवायची, आघाडीवर चिखलात दुरुस्त करायची, म्हणून ती साधी ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. सपाट पत्रा, उघडी चेसिस, हाताला सहज लागतील असे बोल्ट. भारतात २ ऑक्टोबर १९४५ रोजी जे. सी. आणि के. सी. महिंद्र या बंधूंनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्याबरोबर महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी काढली. १९४७ मध्ये मुंबईत विलिसच्या जीपची जुळणी सुरू झाली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. आपल्या जुन्या जीपचं बॉनेट इतकं उंच का, याचं उत्तर सीजे-३बी या मॉडेलात आहे. त्यातल्या नव्या पेट्रोल इंजिनाचे इनटेक व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये गेले, इंजिन उंच झालं आणि बॉनेट वर उचलावं लागलं. अमेरिकेत हे मॉडेल १९५३ ते १९६८ चाललं; आपल्याकडे त्याचं घराणं पुढे कितीतरी वर्षं नांदलं.

खानदेशात तिला खरा मुक्काम मिळाला तो डिझेलमुळे. प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या तंत्राचं एक्सडीपी ४.९० हे २११२ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन आलं आणि एमएम ५४० सारख्या गाड्यांत बसलं. त्यामुळे एक गमतीची गोष्ट झाली, जी प्रत्येक जुन्या मिस्त्रीला ठाऊक आहे: इंजिनाचे नटबोल्ट मिलिमीटरचे आणि सांगाड्याचे इंचाचे. एमएम ५४० दुरुस्त करणाऱ्याच्या पेटीत म्हणून दोन्ही मापांचे पाने लागतात. पेटी उघडून आधी पाने पाहावेत. या माणसाच्या हाताखालून जीप गेल्या आहेत की नाही, ते तिथेच समजतं.

या गाड्या आपल्या भागात आधी सरकारी म्हणून आल्या. तहसीलदारांची जीप, गटविकास अधिकाऱ्यांची जीप, वनखात्याची, शेतीखात्याची. वर्षानुवर्षं शासकीय आवारात धुळीत उभ्या राहून त्यांचा लिलाव व्हायचा आणि मग त्या शेतकऱ्याकडे, ठेकेदाराकडे, नाहीतर वडापवाल्याकडे जायच्या. काहींना काळा-पिवळा रंग लागला. फोर व्हील ड्राइव्ह असलेल्या बहुतेक गाड्या सरकारी वंशाच्याच. प्रवासी वाहतुकीला घेतलेल्या पुष्कळशा जीपची मागचीच चाकं ओढायची. जुनी जीप पाहताना म्हणून मी आधी पुढचं हाऊसिंग पाहतो. त्यात डिफरेन्शियलचा गोळा आहे का, पुढचा प्रोपेलर शाफ्ट जागेवर आहे का. डिझेल वाचवायला काहींनी तो काढून कुठेतरी माळ्यावर टाकलेला असतो आणि दोन मालक बदलल्यावर तो माळा कोणाचा, हेही कुणाला सांगता येत नाही.

मी घेतलेली एमएम ५४० चोपड्याकडच्या एका शेतकऱ्याची. विहिरीजवळच्या लिंबाखाली ती पावसाळे काढत उभी होती. चाकांना वेली लपेटल्या होत्या. घेताना मी एक नियम पाळला आणि जुन्या गाडीच्या नादाला लागलेल्या प्रत्येकाला तो सांगतो: जवळ जेवढे पैसे आहेत त्याच्या निम्म्यातच गाडी घ्यावी, निम्मे तिला उभी करायला ठेवावेत. दुसरा नियम कागदांचा. चेसिसवर ठोकलेला नंबर काथ्याने आणि रॉकेलने घासून स्वच्छ करावा, नोंदणीपुस्तकाशी अक्षर-अक्षर ताडून पाहावा, इंजिनाचा नंबरही पाहावा. एमएच १८ असो की एमएच १९, नंबर जुळत नसेल तर गाडी कितीही देखणी असो, हात जोडून परत फिरावं. पत्रा नवा बसवता येतो, इंजिन बांधता येतं. चेसिसची ओळख मात्र बनवता येत नाही.

गाडी टोचन करून धुळ्याला आणली. ज्यांच्या हाती दिली ते वयस्कर मिस्त्री. सगळे त्यांना आप्पा म्हणतात, मीही आप्पाच म्हणतो. त्यांनी गाडीला एक फेरी मारली, खाली वाकून पाहिलं आणि मी इंजिनाचं विचारायला लागलो तशी हाताने थांबवलं. "भाऊ, पहिले थांबाले पायजे, मंग वळाले, मंग पळाले." आधी ब्रेक, मग स्टिअरिंग, मग इंजिन. रंग, गादी, हूड यांचं त्यांनी नावही काढलं नाही.

हातात पैसे मोजके असले की हा क्रम सोन्यासारखा ठरतो. नवीन गाडी घेणाऱ्याला सगळं एकदम मिळतं. जुनी उभी करणाऱ्याला प्रत्येक रुपया कुठे लावायचा आणि कुठे लावायचा नाही, ते ठरवावं लागतं. त्या ठरवण्यातूनच त्याला गाडी समजत जाते. आप्पांनी चारही ड्रम उतरवले. व्हील सिलिंडरची रबरं फुगून बसली होती, पाइपला आतून गंज होता. या जातीच्या जुन्या सीजे गाड्यांत ब्रेकचं तेल एकाच वाटेने चारही चाकांना जायचं. एका चाकाशी गळती झाली की पायाखालचा ब्रेक सगळाच जायचा. हँडब्रेकही त्यांत चाकांवर नसतो. तो ट्रान्सफर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टच्या तोंडाशी असतो. मागचा क्रॉस, म्हणजे शाफ्टचा सांधा, तुटला, की ज्या शाफ्टला हँडब्रेक धरून ठेवतो त्याचा चाकाशी संबंधच उरत नाही. कन्नडच्या किंवा तोरणमाळच्या घाटात उतारावर उभ्या केलेल्या जुन्या जीपच्या चाकाखाली लोक दगड का लावतात, ते एवढ्यावरून समजावं. आम्ही रबरं, पाइप, लायनर सगळं नवं घातलं. इथे काटकसर करायची नाही, यावर आप्पा आणि मी एका शब्दात सहमत होतो.

ड्रम मात्र टाकून दिले नाहीत. त्यांना चरे पडले होते, पण जाडी शिल्लक होती. ते लेथवर फिरवून आणायचे ठरले. लेथवाल्याचं दुकान जळगावला, अजिंठा चौफुलीच्या अलीकडे. त्याचं रोजचं पोट जीपवर चालत नाही. एमआयडीसीतल्या डाळमिलचे शाफ्ट, चटईच्या कारखान्यांतले रोलर, जिनिंगचे झिजलेले भाग, ऊस आणि केळीच्या शेतातल्या पंपांचे बुश, हे त्याचं खरं काम. त्यात माझे ड्रम आणि शॅकलचे बुश त्याने मधल्या वेळात घेतले. पितळेच्या दांड्यातून बुश काढताना तो मायक्रोमीटर एकदाच लावायचा, पुढचं सगळं बोटाच्या टोकाला कळायचं. तिथे बसून मला एक गोष्ट नीट दिसली. जीपसाठी वेगळं असं कसब कुणी राखून ठेवलेलं नाही. डाळमिल, जिन, पंप, ट्रॅक्टर आणि जीप ही सगळी एकाच हातांवर उभी आहेत. त्यातलं एक काम कमी झालं की तो हात तेवढा रिकामा होतो आणि बाकीच्यांचंही थोडं नुकसान होतं. खानदेशचा कापूस, केळी आणि डाळ ज्यांच्या भरवशावर यंत्रात जातात, त्यांनीच जीपही जगवली.

स्टिअरिंगला खेळ फार होता. सरळ रस्त्यावर वेग पन्नासच्या आसपास गेला की पुढची चाकं थरथरायला लागत आणि ती थरथर वेग अगदी कमी केल्याशिवाय थांबत नसे. कारण किंगपिनचं. पुढच्या चाकाचा सांधा वर-खाली दोन बेअरिंगवर फिरतो आणि त्यांचा कस पातळ पत्र्याच्या शिमने बसवलेला असतो. बेअरिंग झिजली, की सांधा सैल. नवी बेअरिंग घालून आप्पा एकेक शिम काढत-घालत राहिले. तराजूचा काटा लावून सांधा फिरवायला किती जोर लागतो ते पाहत राहिले. टाय रॉडची टोकं बदलली. चाकं जमिनीला टेकल्यावर त्यांनी एका बोटाने स्टिअरिंग हलवलं आणि पुढची चाकं लगेच हलली. मधला सगळा रिकामेपणा गेला होता.

पाट्यांनी गाडीचा इतिहास सांगितला. मागच्या पाट्यांत कंपनीने दिली नव्हती तेवढी पानं होती. कोणीतरी तिच्यात पंधरा-वीस माणसं भरत असणार. वजन पेलायला जास्तीची पानं घातली, मग गाडी दगडासारखी कडक झाली आणि तो सगळा मार चेसिसवरच्या हँगरला बसला. हँगरच्या कडेला बारीक चीर होती. पाटेवाले चाचा भट्टीशी बसतात. लाल झालेलं पान ऐरणीवर घेऊन साच्याच्या कमानीला जुळेपर्यंत ठोकतात, मग तेलात बुडवून त्याला पाणी देतात. जास्तीची पानं त्यांनी काढून टाकली, दोन तुटलेली बदलली, बाकीच्यांना नवी कमान दिली. हँगर कापून नवा बसवला, चेसिसला आतून पट्टी लावून वेल्डिंग केलं. शेताच्या वाटेला आता गाडीचं चाक खड्ड्यात उतरतं आणि परत वर येतं. पूर्वी सगळी गाडीच उडत असे.

मग इंजिन. इथे मोह फार असतो. खोललंच आहे तर बोअर करू, क्रँक घासून घेऊ, सगळं नवं करू. आप्पांनी इंजिन गरम होऊ दिलं, तेल भरायचं टोपण काढलं आणि तिथून किती धूर येतो ते पाहिलं. मग बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. "इंजन बोलस भाऊ. आयका." मीही ऐकलं. एका सिलिंडरचा ठोका बाकीच्यांहून कोरडा आणि कडक होता. पंप-नोझलवाल्याकडे चारही नोझल तपासले, त्यातल्या एकाचा फवारा फुटून येत होता; डिझेल धुक्यासारखं यायच्या जागी धारेने पडत होतं. नोझल बदलले, पंपाचं टायमिंग लावलं, हेड गॅसकेट घातलं, टॅपेट सेट केले. कॉम्प्रेशन ठीक भरलं. बोअर करायची गरज नव्हती, म्हणून बोअर केला नाही. या इंजिनात डिझेल आधी हेडमधल्या लहान कोठडीत पेटतं, त्यामुळे थंडीत सुरू करताना हीटर प्लग तापू द्यावे लागतात. डिसेंबरात सातपुड्याच्या पायथ्याशी पहाटे चावी अर्ध्यावर धरून थांबणं हा तिचा रिवाज आहे आणि तो पाळला की ती एका झटक्यात उठते.

जे चांगलं आहे त्याला हात न लावणं, ही काटकसरीने शिकवलेली सगळ्यात मोठी गोष्ट. जिथे गरज नाही तिथे खोललेला भाग पुन्हा तसाच बसेल याची खात्री नसते. वर्षानुवर्षं एकमेकांवर घासून जुळलेले दोन पृष्ठभाग एकदा वेगळे केले की ते नव्याने जुळायला वेळ घेतात. ट्रान्सफर केसच्या मागच्या सीलमधून थेंबथेंब तेल येतं. त्याची पातळी पाहत राहायचं आणि पुढच्या हंगामात ते काम घ्यायचं, असं ठरलं आहे. यादीतलं प्रत्येक काम आजच करायचं नसतं. कोणतं काम थांबू शकतं, हे ओळखायचं असतं.

खानदेशात मात्र एक काम कधीच थांबू शकत नाही, ते म्हणजे थंडावा. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा रेडिएटरची खरी परीक्षा होते. बोअरच्या जड पाण्याने त्याच्या नळ्यांत क्षाराचा थर बसतो. रेडिएटरवाल्याने वरची टाकी डाग काढून उतरवली, प्रत्येक नळीत सळई घातली, पांढरा चुना खाली पडला. आमच्या भागात बरेच जण गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकतात. पण अनेक इंजिनांत थर्मोस्टॅटच पाण्याची आडवाट बंद करतो. तो नसला की गरम पाण्याचा एक भाग रेडिएटरला न भेटताच परत इंजिनात फिरतो. आप्पांनी थर्मोस्टॅट नवा घातला, पंख्याभोवतीचं तुटलेलं कवच पत्र्यातून वाकवून बसवलं आणि बोअरचं पाणी न घालता कूलंट भरलं. ज्येष्ठाच्या उन्हात लळिंगचा घाट चढताना काटा मध्यावर राहिला, तेव्हा सगळ्या खर्चाचं चीज झालं.

पत्र्याचं काम शेवटी. फरशीचा कुजलेला भाग कापून नवा पत्रा जोडला, आतून रेड ऑक्साइड मारलं, वरून एकच साधा हिरवा रंग. मडगार्डवरचे पोचे तसेच ठेवले. काही मित्रांनी रुंद टायर घाल, उंच कर, पुढे लोखंडी कमान लाव असं सुचवलं. मी मूळचे अरुंद सोळा इंची टायरच ठेवले. रुंद टायर स्टिअरिंगवर आणि बेअरिंगवर ताण वाढवतात, वळायला जड जातात. कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने नोंदवलेल्या मूळ स्वरूपात मनाने बदल करता येत नाहीत आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितलं. मला या बंधनाची खंत नाही. जी गाडी मुळातच शेतासाठी, घाटासाठी घडलेली आहे, तिला तिच्या मापात ठेवणं हेच तिचं खरं पुनर्बांधणीचं काम आहे.

तिचा खरा उपयोग काळ्या जमिनीत कळतो. आपली काळी माती पावसात चाकाला अशी बिलगते की टायरची नक्षी बुजून चाक नुसतं गुळगुळीत लाडू होतं. फोर व्हील लावली म्हणून त्यातून गाडी निघेलच असं नाही. शेतकरी वाफसा आल्याशिवाय औत घालत नाही. जीपही वाफशावरच घालावी. जमीन वर सुकली आणि आत ओल आहे, अशा वेळी अरुंद चाक वरचा थर कापून खालच्या घट्ट थराला लागतं आणि लो रेंजच्या गिअरमध्ये, वेग कमी आणि जोर दुपटीहून अधिक असताना, गाडी माणसाच्या चालीने बाहेर येते. अनेर, गूळ, पांझरा यांच्या पात्रात गोटे असतात. तिथे चारही चाकांचा आधार लागतो. पाण्यातून बाहेर आलं की ड्रम ओले असतात, म्हणून ब्रेकवर हलका पाय ठेवून त्यांना वाळवत जायचं. आणि डांबरावर आलं की फोर व्हीलचा दांडा आधी सोडायचा. या जीपच्या पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मध्ये फरक सांभाळणारं काही नसतं. दोन्ही एकाच गतीने फिरतात. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात, मागची कमी. मातीत चाक घसरून तो हिशेब मिटतो, डांबरावर तो गिअरवर आणि क्रॉसवर साचत जातो. गाडी कशी बनली आहे हे माहीत असलं, की ती कशी चालवायची ते वेगळं शिकावं लागत नाही.

या गाड्यांचा काळ आता आकसतो आहे आणि त्याची कारणं खरी आहेत. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते. मग तपासणी करून पाच-पाच वर्षांनी ती वाढवावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या या नूतनीकरणाचं शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झालं. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षं पूर्ण झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणीच वाढत नाही. त्या नोंदणीकृत भंगार केंद्रात मोडल्या जातात. ज्या लिलावांतून खानदेशाला फोर व्हीलच्या जीप मिळायच्या, तो झरा आटला. जुनं डिझेल इंजिन धूर सोडतं, तो धूर लहान मुलांच्या छातीत जातो, आणि जुन्या जीपमध्ये अपघातात वाचवणारं काहीही नाही. नाशिकच्या कारखान्यातून निघणाऱ्या नव्या थारमध्ये एअरबॅग आहेत, एबीएस आहे. २ ऑक्टोबर २०२० ला, कंपनीच्या पंच्याहत्तराव्या वर्धापनदिनी, ती आली तेव्हा मलाही आनंद झाला. माझ्या जीपचं पीयूसी मी काटेकोर काढतो. नोझल आणि पंप नीट असतील तर धूर किती कमी होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तरी ती शहरात रोज पळवावी असं मला वाटत नाही. शेत, घाट आणि नदी एवढाच तिचा मुलूख असावा.

माझी काळजी गाड्यांपेक्षा त्यांच्याबरोबर जाणाऱ्या कसबाची आहे. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचा आराखडा आखायला समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं तिने आधी घ्यायची होती. म्हणजे माहितीपुस्तिका, सुटे भाग, निदानाची साधनं मालकाला आणि गावातल्या मिस्त्रीला मिळावीत. ही चर्चा दिल्लीत होत असली तरी तिचं उत्तर मला यावल आणि शिरपूरमध्ये रोज दिसतं. नवा सौर पंप, नवा ट्रॅक्टर, ई-रिक्षा, ठिबकची स्वयंचलित यंत्रणा, जे जे आपल्या शेतात आणि रस्त्यावर येतं त्याला एक प्रश्न विचारायला हवा: हे बिघडलं तर जळगावात उघडता येईल का? येत असेल तर त्यातून आपली पोरं घडतील. येत नसेल तर आपण फक्त हप्ते भरणारे गिऱ्हाईक होऊ आणि केळी काढणीच्या दिवसांत दूरच्या सेवा केंद्राच्या माणसाची वाट पाहत बसू. नवं यंत्र साधंच असावं असा माझा हट्ट नाही. ते कितीही पुढारलेलं असो, त्याची किल्ली वापरणाऱ्याच्या हाती द्यावी एवढंच म्हणणं आहे.

आपल्या बाजूनेही एक काम बाकी आहे. दुरुस्तीचं आपलं ज्ञान जवळजवळ सगळं तोंडी आहे. कोणत्या बेअरिंगच्या जागी बाजारात मिळणारं कोणतं बेअरिंग चालतं, किंगपिनला किती जाडीची शिम बसली, कोणत्या ट्रॅक्टरचं सील या शाफ्टला येतं, पाट्याची कमान किती ठेवली, हे आप्पांच्या डोक्यात आहे आणि कुठेच लिहिलेलं नाही. म्हणून मी जीपसाठी एक वही केली. प्रत्येक कामानंतर मापं, भागांचे नंबर, खर्च आणि कारण लिहून ठेवतो. आप्पा सांगतात, लेथवाला दुरुस्त करतो, चाचा आपल्या भाषेत भर घालतात. आमच्याकडच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा, टर्नरचा, फिटरचा अभ्यास करणारी काही मुलं ती वही उतरवून घेत आहेत आणि आता तिच्यात स्वतःच्या नोंदी लिहू लागली आहेत. ज्यांच्याकडे जुनी जीप आहे, जुनं ऑइल इंजिन आहे, वडिलांच्या वेळचा ट्रॅक्टर आहे, त्यांनी अशी वही करावी. गाडी एक दिवस भंगारात जाईल, तिला जाऊ द्यावं. तिने आपल्याला जे जे शिकवलं, ते मात्र पुढच्या यंत्राशी कामाला लागलं पाहिजे आणि त्यासाठी ते आज कागदावर उतरलं पाहिजे.